पाट सगळ्यांचा, मग गाळ कोणी काढायचा?

मागच्या महिन्यात आमच्या नाशिकच्या वर्डप्रेस मीटअपला गेलो होतो (वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर), रविवारची सकाळ, कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसचा हॉल, चाळीसेक पोरंपोरी, बरीचशी डिप्लोमा नाहीतर बीसीएची, काही माझ्यासारखी वेबसाइट बनवून पोट भरणारी. स्पीकरने पाऊण तास वेबसाइट फास्ट कशी करायची ते सांगितलं, खूप छान सांगितलं, मग प्रश्नोत्तरं, मग चहा-समोसे, मग ग्रुप फोटो आणि साडेबाराला हॉल रिकामा. मी खुर्च्या गोळा करत होतो तेव्हा एक मुलगी थांबली, निफाडकडची, बसने येते दरवेळी. म्हणाली, "सर, माझं हे चौथं मीटअप. सगळं ऐकलं, वहीत लिहून पण घेतलं. पण मी यात काय करू शकते ते अजून कोणी सांगितलंच नाही."

दहा-अकरा वर्षं मी या कार्यक्रमांना जातोय, कधी बोललोय, कधी नुसते बॅनर लावलेत, आणि तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. "वेबसाइटवर बघ, तिथे सगळं दिलेलं आहे" असं काहीतरी बोललो आणि घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं.

म्हणून हे लिहितोय. आपल्या नाशिकमध्ये ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा वर्डप्रेससारख्या सॉफ्टवेअरबद्दल, बोलणं भरपूर होतं, ऐकणंही मन लावून होतं, पण ओपन सोर्सचं काम होत नाही. मीटअपचा निम्मा वेळ कामाला दिला पाहिजे, तिथेच बसून, लॅपटॉप उघडून, आणि त्याची सुरुवात मराठीपासून झाली पाहिजे.

ऐकायची आपल्याला सवय आहे आणि ती चांगलीच सवय आहे. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते तेव्हा दिवसभर उन्हात भाजून निघालेली माणसं संध्याकाळी खाली बसून ऐकतात, कोणी जबरदस्ती करत नाही, लहानपणी आजोबांबरोबर मीही जायचो. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. अशा गावात पोरं रविवारी सकाळी उठून टेक्निकल भाषण ऐकायला येतात यात नवल नाही. पण भाषण ऐकून माणूस शहाणा होतो, सॉफ्टवेअर दुरुस्त होत नाही. त्याला कोणीतरी हात लावावा लागतो.

वर्डप्रेस मुळात सुरू कसं झालं ते बघा. त्याच्या आधी बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, मिशेल वाल्द्रिघी नावाच्या माणसाने लिहिलेलं, आणि एक दिवस त्याने त्यावर काम करणं थांबवलं. वापरणारे लोक तसेच लटकले. तेव्हा अमेरिकेतला मॅट मुलनवेग नावाचा कॉलेजवयाचा मुलगा २००३ च्या जानेवारीत लिहितो की बी-टू जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे कोणीही ते घेऊन पुढे नेऊ शकतं, मला न्यायला आवडेल. त्यावर इंग्लंडमधला माइक लिटल खाली दोन ओळी लिहितो की तू खरंच करणार असशील तर मी मदतीला आहे. एवढंच. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चार त्याच्यावर चालतात. माइक लिटलने ते वाचून "छान लिहिलंय" म्हणून सोडून दिलं असतं तर पुढचं काय झालं असतं याचा विचार करा. त्याने "मी आहे" म्हटलं, आणि मग खरंच कोड लिहायला बसला.

आता ओपन सोर्स म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो, फुकट. क्लायंट म्हणतो "ते तर फ्री असतं ना, मग पैसे कसले?" आणि पोरं म्हणतात "फ्री आहे म्हणून शिकतोय." नाशिककराला तरी या शब्दात घोटाळा व्हायला नको, कारण आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं आहे. तिथे फी भरावी लागते, परीक्षा द्यावी लागते, पण शिक्षण अर्धवट सुटलेल्या बाईला, एसटीच्या कंडक्टरला, शेतकऱ्याला तिथलं दार उघडं आहे. वर्डप्रेस मुक्त आहे ते असं. होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे पडतात, डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पडतात, बनवणाऱ्याची मजुरी पडते. पण सॉफ्टवेअर कशासाठीही वापरा, उघडून आत बघा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या, या चार गोष्टींपासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.

अडवलं तर काय होतं ते मी जवळून पाहिलंय. सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेने एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली होती, कंपनीचं स्वतःचं बंद सॉफ्टवेअर. सहा-सात वर्षांचे फोटो, निकाल, स्नेहसंमेलनाचे अहवाल, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, सगळं त्यात. मग वार्षिक चार्ज वाढवला, शाळेला झेपेना, त्यांनी मला बोलावलं. मी कंपनीला फोन केला, डेटा द्या म्हटलं, तर म्हणे एक्सपोर्टची सोय नाही, तुम्ही पानं कॉपी करून घ्या. मी आणि शाळेतले एक शिक्षक, आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बसून एकेक पान कॉपी केलं, एकेक फोटो सेव्ह केला. आणि तरी आठवणींचा विभाग अर्धा राहिला कारण त्याआधीच साइट बंद केली त्यांनी. त्यात एका सरांनी शाळेच्या पहिल्या बॅचबद्दल लिहिलेलं होतं, ते सर आता नाहीत. आता ती शाळा वर्डप्रेसवर आहे. मी उद्या आडमुठेपणा केला तर सगळा मजकूर एका फाइलमध्ये काढून ते दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकतात, आणि असंच असलं पाहिजे, मलासुद्धा त्यांना धरून ठेवायचा हक्क असता कामा नये.

म्हणजे हे आपल्या भल्याचं आहे, हे कोणीच नाकारत नाही. मग सांभाळतं कोण?

इथे मला आपल्याच जिल्ह्यातली फड पद्धत आठवते. बागलाणात मोसम नदीवर, तिकडे धुळ्यात पांझरेवर, शेकडो वर्षं चाललेली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, पाळी सांभाळायला पाटकरी. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी पाटातला गाळ काढायला, गवत कापायला पाण्यावरच्या सगळ्यांनी लागायचं. सरकारचा माणूस येईल आणि करेल अशी वाट नाही बघायची. माझ्या आईचं माहेर तिकडचं, तिच्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय, पाट साफ करायला गेलं नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नसायची. पाट कुणा एकाचा नव्हता, म्हणून सगळ्यांचं काम होतं.

आम्ही वेबसाइटवाले पाटाचं पाणी घेतोय, पीक घेतोय, गाळ काढायला मात्र जात नाही. मी स्वतः पहिली सहा वर्षं काहीच केलं नाही. द्राक्ष एक्स्पोर्टरच्या वेबसाइट केल्या, दवाखान्यांच्या केल्या, मंगल कार्यालयांच्या केल्या, त्यावर घर चाललं, सातपूरचा फ्लॅट झाला, आणि ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं उभं आहे त्यात माझी एक ओळ नव्हती. आणि पाटात गाळ साचला की काय होतं ते २०१४ मध्ये जगाने पाहिलं. हार्टब्लीड नावाची चूक निघाली, ओपन-एसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, इंटरनेटवरचं निम्मं कुलूप-किल्लीचं काम ज्याच्यावर चालत होतं त्याच्यात, आणि मग लोकांना कळलं की त्याच्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. वापरणारे मोठमोठ्या बँका आणि कंपन्या.

आता मराठीचं का म्हणतोय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं भाषांतर म्हणजे कोडिंग न येणाऱ्यांचं हलकं काम. अजिबात नाही.

वर्डप्रेसमधलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक बटणावरचा शब्द वेगळा काढून ठेवलेला असतो, त्याला स्ट्रिंग म्हणतात. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर खातं उघडून कोणीही मराठी सुचवू शकतं, मग ते वेटिंगमध्ये पडतं, एडिटर तपासून मंजूर करतो. एखाद्या प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या जादा सोयीच्या, नव्वद टक्के स्ट्रिंग मंजूर झाल्या की त्याचा मराठी पॅक तयार होतो आणि मराठी साइटवर आपोआप पोचतो. ऐकायला सोपं. आता एक स्ट्रिंग घ्या. कोणी प्रतिक्रिया दिली की खाली दिसतं, किती वेळापूर्वी दिली. इंग्रजीत "५ मिनिट्स" हा एक तुकडा आणि "अगो" हा दुसरा, मशीन दोन्ही जोडतं. मराठीत पहिल्याचं केलं "मिनिटे", दुसऱ्याचं केलं "पूर्वी", आणि स्क्रीनवर आलं "५ मिनिटे पूर्वी". असं कोण बोलतं? आपण म्हणतो मिनिटांपूर्वी, तासांपूर्वी, दिवसांपूर्वी, कारण आपल्याकडे शब्दाचं सामान्यरूप होतं आणि इंग्रजीवाल्याला ते माहीत असायचं कारण नाही. मग काय करायचं? "मिनिटांपूर्वी" असा अख्खा शब्द पहिल्या तुकड्यात घातला तर तोच तुकडा दुसरीकडे "५ मिनिटे" म्हणून वापरलेला असेल तिथे बिघडतो. शेवटी एका पोराने सुचवलं, "५ मिनिटे झाली", दुसरा तुकडा फक्त "झाली". मिनिटे झाली छान बसलं, पण "२ दिवस झाली" बसेना, तिथे "झाले" पाहिजे. दीड तास आम्ही चार जण या एका गोष्टीवर घासत होतो, आणि शेवटी "आधी" वर आलो. "५ मिनिटे आधी", "२ दिवस आधी". सगळीकडे चालतं, कानाला फार खटकत नाही.

दुसरं उदाहरण तर मला फार आवडतं. "अमक्याला उत्तर द्या" अशी स्ट्रिंग, अमक्याच्या जागी मशीन नाव टाकणार. नावाला सरळ "ला" जोडला तर सुनीताला, गणेशला ठीक, पण नाव इंग्रजी लिपीत असेल, किंवा कोणी "नाशिककर मंडळी" असं नाव घेतलेलं असेल तर सगळं वाकडंतिकडं होतं. तिथे "यांना" टाकलं की काम झालं. सुनीता यांना उत्तर द्या, नाशिककर मंडळी यांना उत्तर द्या. विभक्ती "यांना" ने अंगावर घेतली, नावाला धक्का नाही, आणि समोरच्याला मान पण मिळाला. हे कोणत्याही मशीनच्या भाषांतराने नीट केलेलं मी पाहिलं नाही, ज्याच्या घरात मराठी बोलतात त्यालाच हे पटकन सुचतं. ती निफाडची मुलगी हे करू शकते. तिचे मराठीचे शिक्षक करू शकतात. त्यांना तर आपण कधी मीटअपला बोलावलंच नाही!

शिवाय "दुसऱ्या" चं "दुसर्या" होणं, हे तर रोजचं. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी लावली नाही तर फॉन्टमध्ये सोय असूनसुद्धा ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, हे किती वेब डिझायनरना माहीत आहे? मला स्वतःला पाच वर्षं माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आपल्या गावाचा तर हक्काचा दिवस. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फेटे बांधले, पेढे वाटले, मीही आनंदाने पेढा खाल्ला. पण त्याच दिवशी चांदवडच्या एखाद्या बाईने मोबाइलवर आपल्या पापड-मसाल्याची वेबसाइट उघडली आणि तिला "पेमेंट गेटवे फेल्ड" असं इंग्रजीत दिसलं तर तिच्यापर्यंत तो दर्जा पोचला कुठे? ती कुणाला तरी फोन करणार, बहुतेक मलाच.

आता विरोधात जे बोललं जातं ते मी रोज ऐकतो आणि त्यात तथ्य आहे.

पहिलं म्हणजे, पोरांना नोकरी पाहिजे, तुम्ही फुकट काम सांगताय. हे मला पटतं. ज्याच्या घरी कर्ज आहे, जो रात्री डिलिव्हरीचं काम करून सकाळी मीटअपला येतो त्याला "समाजासाठी दे" म्हणायचा मला अधिकार नाही. म्हणून हा बोजा आधी आमच्यासारख्या कमावत्यांवर पाहिजे. २०१४ मध्ये मुलनवेगनेच मांडलं होतं की वर्डप्रेसवर धंदा करणाऱ्यांनी आपल्या ताकदीचा पाच टक्के भाग वर्डप्रेसला परत द्यावा. नाशिकमध्ये पाच माणसांचं वेबसाइटचं ऑफिस धरा, आठवड्याचे चाळीस तास, म्हणजे दोनशे तास, त्याचे पाच टक्के दहा तास. माणशी आठवड्याला दोन तास. शुक्रवारी संध्याकाळचे दोन तास, पगारी. पोरं शिकतील, नावावर काम दिसेल, पुढच्या इंटरव्ह्यूला दाखवता येईल, आणि मालकाला कळेल की आपल्याकडे कोण किती पाण्यात आहे. हे परवडत नाही म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन की वर्षाला लायसन्सचे पैसे भरावे लागले असते तर ते परवडवले असते ना?

दुसरं थोडं जड आहे. आपण घाम गाळायचा आणि परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी कमवायचं. २०२४ च्या सप्टेंबरपासून मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जे भांडण पेटलं, कोर्टात गेलं, त्याने आमच्यातले बरेच जण उदास झाले, एक-दोघांनी काम सोडलं. कोणी कोणाला काय द्यायला पाहिजे होतं यावरच ते सगळं भांडण. मला त्यात एकाची बाजू घेऊन नाचायचं नाही. मला त्यातून एवढंच दिसलं की सगळं एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या हातात राहिलं तर वर खटका उडाला की खालचे हादरतात. त्यावर उपाय काम सोडणं नाही, काम जास्त हातांत जाणं आहे. मराठीच्या स्ट्रिंग तपासणारे पंधरा लोक नाशिक, जळगाव, कोल्हापूरला असतील तर अमेरिकेतल्या भांडणाने त्यांचं फारसं काही बिघडत नाही, आणि त्यांनी केलेलं काम जीपीएल खाली आहे, उद्या दुसरं कोणी वर्डप्रेसचा फाटा काढला तरी ते तिकडे जसंच्या तसं जातं. बी-टूचं गेलं होतं तसं.

तिसरं, भाषणं बंद करायची का? नाही. मी निम्मा वेळ म्हणतोय. आणि भाषणं मराठीत करा हे पण म्हणतोय. समोर चाळीसपैकी छत्तीस मराठी असतात, स्पीकर आडगावचा असतो, आणि तरी "सो गाइज" ने सुरुवात होते आणि मागच्या रांगेतली पोरं गप्प बसतात. त्याच पोरांना चहाच्या वेळी मराठीत विचारलं की इतके मार्मिक प्रश्न येतात! शब्द इंग्रजी असू देत, प्लगइनला प्लगइनच म्हणा, कॅशेला कॅशेच म्हणा, वाक्य मराठी असू दे. चार जण हिंदी-इंग्रजीवाले असतील तर शेजारी बसलेला समजावून सांगेल, तेवढी माणुसकी आहे आपल्याकडे.

मोठ्या कार्यक्रमांमध्ये ही रीत आधीपासून आहे. वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचं मोठं संमेलन, त्यातल्या वर्डकॅम्प एशियाचा पहिला दिवस कॉन्ट्रिब्युटर डे असतो, भाषणं नंतर, आधी टेबलं मांडलेली, हे भाषांतराचं, हे कोडचं, हे डॉक्युमेंटेशनचं, हे फोटोंचं, नवीन माणसाला जुना माणूस शेजारी बसवून घेतो. बँकॉक, तैपेई, मनिला झालं आणि २०२६ साठी मुंबई निवडली गेली, आपल्यापासून चार तासांवर. तिथे बोलणारे, आयोजन करणारे सगळे स्वयंसेवक, मानधन कोणाला नाही. नाशिकनेही स्वतःचे वर्डकॅम्प केलेत, आम्ही रात्र रात्र जागून टी-शर्टचे गठ्ठे बांधलेत, त्यामुळे आयोजन येत नाही असं कोणी म्हणू नये. आयोजन येतं, काम मांडून ठेवायचं राहून जातं.

आणि २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. पंचवटीतली घरगुती खानावळ, होमस्टे, पूजेचं साहित्य विकणारे, रिक्षावाल्यांचे ग्रुप, सगळ्यांना वेबसाइट लागणार, मराठीत लागणार, हिंदीत लागणार, आणि घाईत लागणार. तेव्हा बुकिंगच्या एखाद्या प्लगइनचा मराठी पॅक तयार नसेल तर प्रत्येक जण आपापल्या साइटपुरतं ठिगळ लावत बसेल, शंभर ठिकाणी तेच ठिगळ. तेच काम एकदा, एका जागी, सगळ्यांसाठी करता येतं.

त्या मुलीला मी नंतर मेसेज केला. खातं कसं उघडायचं ते सांगितलं आणि एका छोट्या कॉन्टॅक्ट फॉर्मच्या प्लगइनचं नाव दिलं, त्यात दीडशेच्या आसपास स्ट्रिंग होत्या. तिने आठ दिवसांत ऐंशी केल्या. "फील्ड" ला तिने "रकाना" लिहिलं, मी आजवर सगळीकडे "फील्ड" च ठेवत आलो होतो, आणि रकाना हा शब्द तर रेशन कार्डाच्या फॉर्मपासून सगळ्यांच्या तोंडात आहे. ऐंशीपैकी साठ अजून वेटिंगमध्ये आहेत, कारण तपासणारे एडिटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही नोकरी-धंदा सांभाळून करणारे.

पुढच्या मीटअपला भाषण एकच ठेवा अशी मी आयोजकांना विनंती केलीय, अकरापर्यंत संपवा, त्यानंतर दीड तास टेबलावर काम. मी दोन जास्तीचे लॅपटॉप आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन येतो. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी मोबाइल घेऊन यावं, भाषांतर मोबाइलवर पण होतं. आणि कोणाच्या ओळखीत मराठी शिकवणारे सर किंवा मॅडम असतील तर त्यांना सोबत आणा, त्यांच्यासाठी पुढची खुर्ची मी स्वतः राखून ठेवतो.